पुढचं वाक्य

टोरोंटो
२२ सप्टेंबर १९७४

लाडक्या तेता,

येशूचा जयजयकार असो. वाचता वाचता तू "सदासर्वकाळ असो" म्हणालीस, ते मला इथपर्यंत ऐकू आलं.

पोचले, जेवले, झोपले, आणि अजून कुणी मला लुटलेलं नाही, एवढं तुझ्या बहिणीला, माझ्या आईला, सांग. खोली एका पोर्तुगीज माणसाच्या मासळीच्या दुकानावर आहे. ती इतक्या सहज कशी मिळाली ते पहिल्याच सकाळी कळलं. माझ्या सगळ्या स्वेटरांना आता बांगड्याचा वास येतो. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, हा एक फायदा.

आमची शाळा म्हणजे जुना गाद्यांचा कारखाना. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी कुणीतरी हातात भूमिका देईल आणि म्हणेल, चला, लागा कामाला. छे! मिस फॅरो नावाच्या आमच्या बाई काठी टेकत आल्या, आम्हाला जमिनीवर बसवलं आणि म्हणाल्या, "एकेक प्राणी व्हा." मी कोंबडी झाले. अंगणात त्यांच्यामागे धावण्यात बालपण गेलं ते कारणी लागलं. बाई थांबून बघत राहिल्या. न्यूफाउंडलंडहून आलेला क्लेमेंट नावाचा एक लंबू मुलगा आहे. तो कॉड मासा झाला आणि तासभर नुसता पडून राहिला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "मला पकडलंय."

आता खरी बातमी. काल दोघादोघांचे छोटे प्रवेश होते. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. माझं झाल्यावर मिस फॅरो सगळ्यांना म्हणाल्या, "हिच्याकडे बघा. शब्द तोंडात यायच्या आधी विचार डोळ्यांत येतो. बोलायची हिला घाई नाही." तेता, माझे पाय जमिनीवर नव्हते! इंग्लंडात स्टेजवर केस पांढरे केलेल्या बाई आहेत त्या, उगाच कुणाला चांगलं म्हणत नाहीत.

पण एक गोष्ट आहे. जानेवारीच्या शेवटी आमची नाट्यप्रवेशांची परीक्षा होणार आणि त्यानंतर सगळे इथे राहणार नाहीत. मिस फॅरो एकेकाला खोलीत बोलावून सांगणार, तू राहा, तू जा. आईला हे कळलेलं दिसतंय, कारण तिचा लगेच निरोप आला की डॉफिनच्या बँकेतली नोकरीची जागा मॅनेजर माझ्यासाठी फेब्रुवारीपर्यंत रिकामी ठेवणार आहेत. काउंटर खिडकीजवळ आहे आणि हिवाळ्यात उबदार असतं, असंही लिहिलंय. मला ते काउंटर नको आहे. मला इथे राहायचंय. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

तुझ्या यजमानांना, आमच्या वुयकोंना, माझा नमस्कार. गुडघा कसा आहे त्यांचा?

तुझी ओरिसिया

*

वेस्ना, मॅनिटोबा
६ ऑक्टोबर १९७४

माझ्या चिमणे,

सदासर्वकाळ असो. हो, म्हणाले होते मोठ्यांदा. तुझे वुयको दचकून म्हणाले, "कोण आलं?"

त्यांचा गुडघा ठीक आहे, तक्रार करायला दुसरं काही सापडेपर्यंत तो दुखेल. गहू कोठारात गेला, बटाटे तळघरात गेले आणि नाटक कमिटी मतभेदात गेली. दरवर्षीचंच. यंदाही ते सासू-सुनेचं जुनं युक्रेनी नाटक घेतलंय, जानेवारीत मलांकाच्या, आपल्या नव्या वर्षाच्या, आठवड्यात करायचं ठरलंय. बारान बाई सासू. सून कोण, हा प्रश्न आहे. तू गेल्यापासून गावात सून शोभेल अशी पोरगी उरली नाही. ज्या आहेत त्या शनिवारी बर्फावर कर्लिंग खेळायला जातात. शेवटी पोस्टातली नताल्का तयार झाली. ती हसत हसत रडते, पण बघू.

तिकडे प्रॉम्प्टर कुठे बसतो गं? आपल्यासारखा रंगमंचाच्या मधोमध खड्डा आहे, की इंग्रज लोक त्या बिचाऱ्याला विंगेत थंडीत उभं करतात? मला विंग कधी आवडली नाही. खड्डा बरा. वर लाकडी टोपडं, समोर छोटा दिवा, मांडीवर गोधडी, आणि सगळे नट डोळ्यांसमोर. आपल्या लोकांना पाठांतराला वेळ कुठे आहे? गाई कोण दोहेल? मी वाक्य टाकायचं, त्यांनी उचलायचं, तोवर प्रेक्षक सूर्यफुलाच्या बिया सोलतात. तुला मी तशीच वाढताना पाहिलं, आधी बूट, मग गुडघे, मग हनुवटी. पाच वर्षांची असताना देवदूत झाली होतीस आणि एक ओळ होती तुला. मी टाकली, तू वाकून खड्ड्यात बघितलंस आणि म्हणालीस, "मोठ्याने बोल ना!"

तुझ्या बाई म्हणाल्या ते मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विचार करून बोलते? माझ्याशी तर कधी बोलली नाही." पण मग पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं.

राहशील तू. मला माहीत आहे.

तुझी तेता पारास्का

*

टोरोंटो
२७ ऑक्टोबर १९७४

लाडक्या तेता,

इथे प्रॉम्प्टरच नाही. खड्ड्यात नाही, विंगेत नाही, कुठेच नाही. मी विचारलं तेव्हा सगळे हसले. सगळ्यांनी सगळं पाठ करायचं, आणि अडलात तर ते तुमचं तुम्ही निस्तरायचं.

पाठांतराचं मला काही वाटत नाही. मला माझंच काय, समोरच्याचंही पाठ होतं. अडचण वेगळीच आहे. मिस फॅरोंनी माझ्याबद्दल मत बदललंय.

परवा क्लेमेंट आणि मी एक प्रवेश करत होतो, बहीण-भाऊ वडिलांच्या पश्चात घर विकायला निघालेत, असा. बाईंनी तो थांबवला. म्हणाल्या, "ओरिसिया, वडील गेल्याचं सांगतानाही तू तेवढीच थांबतेस आणि मीठ मागतानाही तेवढीच. मिठाबद्दल एवढा काय विचार करतेस?" पोरं हसली. मग म्हणाल्या, "पुन्हा करा." पुन्हा केलं. "परत थांबलीस. आणि प्रत्येक वेळी तुझे डोळे खाली त्या एका जागी जातात. काय आहे तिथे?" सगळ्यांनी माना वळवून ती जागा बघितली. तिथे फरशी होती. मी म्हटलं, "काही नाही, मिस." त्या म्हणाल्या, "तो विचार नव्हता, सवय होती. मी फसले." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

आता मी खाली बघायचं नाही असं ठरवते, तर बोलायचंच विसरते. असं का होतं ते मला काही कळत नाही. क्लेमेंट म्हणतो, माझ्या कपाळाकडे बघ. त्याच्या कपाळावर एक तीळ आहे, तेवढा आता पाठ झालाय.

आईला यातलं सांगू नकोस. तिला म्हण, मी मजेत आहे.

ओरिसिया

*

वेस्ना
१० नोव्हेंबर १९७४

चिमणे,

मला कारण कळलंय. बूट.

तू इथून गेलीस तेव्हा पायात तेच जुने काळे होते, टाचेकडे फाटलेले. मी म्हटलंही होतं तुझ्या आईला, पोरगी शहरात चाललीय, पण ती म्हणाली, अजून वर्षभर चालतील. आता एवढ्या शहरी पोरांसमोर उभं राहायचं आणि पायात ते! माणूस खाली बघणारच. मीसुद्धा बघितलं असतं. सोबतच्या खोक्यात तपकिरी बूट आहेत, कॅटलॉगमधून मागवले, आतून लोकर लावलेली आहे. मोठे वाटले तर दोन मोजे घाल. खोक्याच्या कोपऱ्यात खसखशीचा रोल आहे, तो एकटीने खा, त्या मासळीवाल्याला देऊ नकोस. बरं, थोडा दे.

वुयको म्हणतात, बूट नसेल कारण, तिकडची फरशी घाण असेल आणि आपल्या पोरीला ती झाडावीशी वाटत असेल. मी म्हटलं, आपली पोरगी आणि झाडणार?

तालमी सुरू झाल्यात. वासिलला यंदाही एक ओळ येत नाही. खड्ड्यात वाकून बघतो तेव्हा त्याच्या मिशीचा तुकडा सुटून माझ्या वहीवर पडतो. मी तो परत देते.

नवे बूट घाल आणि मान वर कर.

तेता

*

टोरोंटो
२४ नोव्हेंबर १९७४

लाडक्या तेता,

बूट अगदी बरोबर बसले, एकाच मोज्यात. असे उबदार बूट इथे कुणाकडे नाहीत. मिस फॅरोंनीसुद्धा विचारलं, कुठून घेतलेस? रोल निम्मा मी खाल्ला, निम्मा सगळ्यांनी मिळून. तू एवढं सगळं केलंस, आणि म्हणूनच आता तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

तेता, बुटांचं कारण नाही. काय कारण आहे ते मला त्याच दिवशी कळलं होतं, फरशीकडे सगळ्यांनी बघितलं तेव्हाच. तुला लिहायला जीव होईना. मी बघते ती जागा म्हणजे आपल्या हॉलमधल्या खड्ड्याची जागा आहे. स्टेजवर उभी राहिले की मधोमध, पुढच्या कडेला, खाली. मला माझं वाक्य येत असतं. तरी ते खालून येईपर्यंत मी थांबते. तू टाकशील आणि मग मी उचलेन. पाच वर्षांची असल्यापासून मी तेच करत आले, आणि ते करतेय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. खाली तू असतेस.

परवा मिस फॅरोंना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, हसतील. हसल्या नाहीत. तासभर तुझ्याबद्दल विचारत बसल्या, तू कुजबुजतेस तर मागच्या बाकावर ऐकू कसं जात नाही, नट दोघे एकदम बोलायला लागले तर काय करतेस. मग म्हणाल्या, "म्हणजे ऐकायला तुला लहानपणापासून शिकवलंय. इथे मी पोरांना दोन-दोन वर्षं तेच शिकवते आणि निम्म्यांना येत नाही. तुझा कान चांगला आहे. फक्त तो तू चुकीच्या माणसाला देऊन बसलीयेस. समोर क्लेमेंट आहे, त्याला दे."

आता रोज एकच कसरत आहे. क्लेमेंट प्रवेशातली वाक्यं न सांगता बदलतो आणि मी त्याने जे म्हटलं त्यालाच उत्तर द्यायचं. मला धड जमत नाही. काल तो म्हणाला, "घरात साप निघाला," आणि मी त्याला ठरलेलं उत्तर दिलं, "हो, आईला फार आवडायचा." वर्ग लोळत होता.

रागावू नकोस गं. तुझी चूक म्हणून हे लिहीत नाहीये. तू नसतीस तर मी स्टेजवर चढलेच नसते.

तुझी ओरिसिया

*

टोरोंटो
२० डिसेंबर १९७४

तेता,

तुझं पत्र नाही. आईचं आलं, त्यात बर्फ आहे, डुक्कर आहे, बँक आहे, तुझ्याबद्दल एक अक्षर नाही.

इंग्रजांच्या ख्रिसमसला सगळे घरी चाललेत. मी क्लेमेंटबरोबर इथेच राहणार आहे, तालीम करायला. त्याचंही घर फार लांब आहे. जानेवारीतल्या आपल्या ख्रिसमसला मी खालच्या मासळीवाल्याच्या बायकोला घेऊन बारा पदार्थ करायचं ठरवलंय. कुत्याच्या खिरीसाठी गहू मिळाला, खसखस मिळाली, मासे तर काय, विचारूच नकोस.

मी तुला दुखावलं असेल तर दोन ओळींत शिव्या लिही. पण लिही.

ओरिसिया

*

वेस्ना
१९ जानेवारी १९७५

माझ्या चिमणे,

शिव्या दोन ओळींत मावल्या नसत्या, म्हणून उशीर झाला.

खरं सांगू? आधी रडले. तुझे वुयको विचारायला लागले तर म्हटलं, कांदा. समोर कांदा नव्हता. मग रागावले. एवढी वर्षं गुडघे मोडून त्या खड्ड्यात बसले, आणि पोरगी म्हणते, तू असतेस म्हणून मला बोलता येत नाही! मग तालमीला गेले, खड्ड्यात उतरले, दिवा लावला, वही उघडली आणि मनात आलं, बघू तरी. तोंड मिटून बसले.

वासिल आला. हात पसरले, तोंड उघडलं, आणि थांबला. खाली बघितलं. मी वर बघितलं. वासिल म्हणाला, "पारास्का, मेलीस की काय?" बारान बाई आल्या, त्या थांबल्या. नताल्का आली, ती थांबली आणि हसली. सगळे कुंपणापाशी उभ्या गाईंसारखे माझ्याकडे बघत उभे. मला म्हणायचं होतं, अरे, गेल्या वर्षी हेच नाटक केलं, त्याच्या आधीही केलं, एक ओळ तरी! पण तेवढ्यात मला तुझा चेहरा आठवला, देवदूत झालेलीस तेव्हाचा. मी वही मिटली आणि म्हटलं, "घरी जा आणि पाठ करा. मी बाहेर बसणार."

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! कमिटीची बैठक झाली. वासिल म्हणाला, ही टोरोंटोची हवा आहे, भाचीने पाठवली. मी म्हटलं, पाठवलीच आहे, आणि खोक्यातून नाही, पत्रातून. बारान बाईंनी पाय आपटला, खालून आवाज नसेल तर मी स्टेजवर जाणार नाही, म्हणाल्या आणि सोडून गेल्या. मग सासू कोण? ते सगळं नाटक पाठ असलेली बाई गावात एकच होती.

तर ओरिसिया, तुझी तेता या वयात पहिल्यांदा नाटकात उभी राहिली. हे तुला कळवायला मी वुयकोंना बंदी केली होती, आणि तुझ्या आईलाही. पडले असते तर तुला कळायलाच नको होतं.

पडले नाही. एक शब्द चुकला नाही. पण झालं काय, माझा प्रवेश सुरू झाला आणि लोक हसायला लागले. मी रडत होते आणि लोक हसत होते. मला वाटलं, परकर दिसतोय. गुपचूप चाचपून बघितलं, परकर जागेवर. मग सून रडते तो प्रवेश आला, नताल्का बोलत होती, मी नुसती उभी होते, तर हॉल छप्पर उडेल असा हसतोय. मध्यंतरात वुयको विंगेत आले, डोळ्यांतून पाणी गळतंय. म्हणाले, "अगं, तुझे ओठ हलतायत! सून बोलते, तुझे ओठ. मुलगा बोलतो, तुझे ओठ. शेजारीण दारातून बोलते, तरी तुझेच!"

मला पत्ताच नव्हता. तू खाली बघतेस ना, तसंच. लोकांना वाटलं, सासू इतकी बेरकी आहे की सगळ्यांना मागून वेडावून दाखवते. वासिलची बायको नाटकानंतर मला मिठी मारून म्हणाली, "माझी सासू, हुबेहूब! देव तिला शांती देवो." नताल्काला पाठ झालं होतं, वासिलला निम्मं झालं होतं, उरलेलं त्याने स्वतःच रचलं आणि ते नाटकातल्यापेक्षा बरं होतं. तुझी आई दुसऱ्या रांगेत बसली होती. ती हसली की नाही ते मी बघू शकले नाही, ओठांकडे लक्ष होतं.

आता पुढच्या वर्षीही करणार आहे. वुयको म्हणतात, ओठ हलवतच कर, लोक त्यासाठीच येतील. पण मला नकोय ते. चुकून झालं ते झालं, मला ते मुद्दाम करायचं नाही. तू शिकतेस ना तिकडे? मग मला सांग, दुसरा बोलत असताना तोंड मिटून कसं उभं राहायचं?

आणि तुझी परीक्षा. या आठवड्यात मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावणार आहे. काळजी करू नकोस. कर थोडी.

तुझी तेता

*

टोरोंटो
२ फेब्रुवारी १९७५

लाडक्या, लाडक्या तेता,

तुझं पत्र मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. मिस फॅरो काठी आपटून हसल्या. म्हणाल्या, मला ती बाई बघायचीय. पण ओठांवर उपाय काय, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही. ते शेवटी लिहिते, आधी परीक्षा.

आमचा तो घर विकण्याचा प्रवेश होता. समोर मिस फॅरो, दुसरे मास्तर आणि बाहेरून आलेली चार-पाच मंडळी, सगळ्यांचे चेहरे दगडाचे. सुरुवात बरी झाली. मी थांबले नाही, खाली बघितलं नाही. मग चावीचा प्रसंग आला. तिथे क्लेमेंटने म्हणायचं, "चावी माझ्याकडे दे." आणि तो गप्प.

आधी वाटलं, मुद्दाम करतोय, कसरतीसारखं. मग त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. पार कोरा झाला होता, बिचारा. त्याच्या गळ्यावरची शीर उडत होती. तेता, त्याचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तुझी भाची आहे, मला दोघांचंही पाठ होतं. ओठ न हलवता टाकता आलं असतं, तो उचलून पुढे गेला असता आणि कुणाला कळलं नसतं. मी टाकलं नाही. का ते विचारू नकोस. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला एकदम वाटलं, हा माझा भाऊ आहे, बापाचं घर विकतोय, याला चावी मागवत नाहीये. किती वेळ गेला देव जाणे. मग त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "केवढे गार पडलेत गं तुझे हात." हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझेही." म्हटल्यावर कळलं की मी बोलले. खालून काही आलं नाही, वरून काही आलं नाही, ते मध्ये कुठेतरी आमच्या दोघांत होतं. मग त्याने चावी घेतली आणि पुढचं सगळं आपोआप आलं.

काल मिस फॅरोंनी खोलीत बोलावलं. मी उभीच राहिले.

त्या म्हणाल्या, "हातांचं ते लिहिलेलं नव्हतं."

"नाही, मिस."

"त्याचं वाक्य तुला येत होतं?"

"येत होतं."

"मग दिलं का नाहीस?"

मी म्हटलं, "मी बघत होते, त्याला काय झालंय."

त्यांनी मग कागदांत डोकं घातलं आणि म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये. आणि दारात तो कॉड मासा उभा असेल, त्यालाही सांग, सोमवारी."

तेता, मी राहिले! क्लेमेंट जिन्यात बसून रडला. मी पण रडले, आणि माझ्याजवळ कांदासुद्धा नव्हता.

आता तुझे ओठ. मिस फॅरो म्हणतात, मिटायचा प्रयत्न करू नकोस, जास्त हलतील. समोरचा पुढे काय बोलणार ते आपल्याला ठाऊक नाही, असं धरून चालायचं. तुला ते जमेल का? तुला तर गावातल्या प्रत्येकाचं ठाऊक असतं. पण करून बघ.

एक काम कर. आईला तू सांग. मी तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि प्रत्येक वेळी "बँकेचं काय करू?" या वाक्यावर अडकले.

तुझीच, आणि आता इथलीही,
ओरिसिया

*

वेस्ना
१६ फेब्रुवारी १९७५

माझ्या चिमणे,

तुझं पत्र वाचून मी आधी वुयकोंचा मुका घेतला. त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की गुडघा विसरले.

तुझ्या आईला गुरुवारी सांगितलं, डॉफिनला जाताना, गाडीत. मुद्दाम गाडीत, म्हणजे उठून जाता येणार नाही. मी सगळं सांगितलं, क्लेमेंटचं, गार हातांचं, सोमवारचं. ती खिडकीतून बर्फ बघत राहिली. डॉफिन आलं. मग म्हणाली, "बँकेपाशी थांब."

मी मनात म्हटलं, झालं. हिचं सगळं मला पाठ आहे, सख्खी बहीण आहे माझी. आत जाऊन मॅनेजरला म्हणणार, उन्हाळ्यापर्यंत जागा ठेवा, पोरीचं खूळ तोवर उतरेल. दारातून आत जाताना ते वाक्य माझ्याच तोंडात तयार होतं.

मॅनेजर बाहेर आले. मिस्टर हॉज, तुला माहीत आहेत, टक्कल आणि बो टाय. म्हणाले, "काय, कधी येतेय मुलगी?"

तुझी आई म्हणाली, "ती येत नाही. जागा भरून टाका."

"अरे वा! लग्न ठरलं वाटतं?"

"नाही. ती नटी आहे."

ओरिसिया, नटी होणार आहे नाही, नटीचं शिकतेय नाही. आहे. काउंटरवरच्या सगळ्या पोरींनी माना वर केल्या. मिस्टर हॉज हसले, तसे बरे आहेत ते, म्हणाले, "मग इकडे नाटक घेऊन या म्हणावं, आम्हीही बघू."

तुझ्या आईने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवलं आणि म्हणाली, "बघा की. पण तिकीट काढून."

आणि निघाली. मी तिच्यामागे. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, माझे ओठ मिटलेले होते. इतकी वर्षं सगळ्यांची पुढची वाक्यं मला आधीच ठाऊक असायची. हे मला ठाऊक नव्हतं. मी ते तुझ्या आईच्या तोंडूनच ऐकलं.

तुझी तेता पारास्का